रब्बी येईपर्यंत प्रार्थना स्थगित

निजामपुऱ्यातल्या सायमन एझिकेल झिराडकर यांच्या घरी गेली कित्येक वर्षे दर शनिवारी सकाळी प्रार्थना होत असे, आणि या प्रार्थनेला कोणाचीही परवानगी नव्हती.

बाब गंभीर होती. पण ती गंभीर आहे हे बडोद्यातल्या यहुद्यांच्या फार उशिरा लक्षात आले. हे यहुदी म्हणजे कोकणातून आलेले बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारे, आडनावात गाव बाळगणारे, आणि रेल्वेच्या बदल्यांबरोबर गुजरातेत येऊन इथलेच झालेले. सायमनकाका स्वतः रेल्वेत गार्ड होते. सामुदायिक प्रार्थनेला कोणीतरी पुढे उभे राहून ती म्हणावी लागते. जगात इतरत्र त्यासाठी रब्बी, म्हणजे विद्वान धर्मगुरू, असतो. बेने इस्राएलांकडे रब्बी कधी नव्हताच. ज्याला येते त्याने म्हणायचे आणि इतरांनी त्याला हझ्झान म्हणायचे, अशी साधी व्यवस्था होती. सायमनकाकांना वडिलांकडून येत होते, म्हणून ते हझ्झान. नेमणूक कोणी केली नव्हती, त्यामुळे बडतर्फ कसे करावे हेही कोणाला ठाऊक नव्हते.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर ती नुसती नऊ माणसे. दहावा आला की मिन्यान, म्हणजे प्रार्थनेची संख्या, पूर्ण. बायका दहात धरत नाहीत. "चहाला मात्र आम्हीच धरलेल्या," असे सायमनकाकांच्या पत्नी सेगुल्लाबाई म्हणत, पण म्हणत म्हणत चहा करीत. शुक्रवारी दुपारी सायमनकाका स्कूटर काढून मांजलपूरपर्यंत जात आणि प्रत्येक घरी तेच सांगत, "उद्या ये रे बाबा. तुझ्यावाचून नऊच होतात." प्रत्येकाला वाटे, आपणच दहावे. त्या जोरावर बडोद्यातला यहुदी धर्म चालला होता.

डभोईहून शालोम आपटेकर नावाचे निवृत्त कंपाउंडर एसटीने येत. शनिवारी वाहनात बसू नये हा नियम त्यांना माहीत होता. डभोई चालत येण्याइतकी जवळ नाही, हेही माहीत होते. दोन्हींचा विचार करून ते पहिल्या बसने येत आणि देवाला संकोच वाटू नये म्हणून पार मागच्या खुर्चीवर बसत.

असे सगळे बिनबोभाट चालले असताना एलिस दिवेकर आपल्या मुलाकडे इस्राएलला जाऊन आले.

दिवेकर एका खताच्या कारखान्यात जनरल मॅनेजर होते आणि निवृत्तीनंतरही ते पद त्यांच्या अंगातून उतरले नव्हते. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी प्रार्थना संपताच ते उभे राहिले. "तिकडे गल्लीगल्लीत रब्बी आहे," ते म्हणाले. "आणि आपण? एका गार्डच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून बसतो. सायमन, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण सिस्टिम नावाची काही गोष्ट असते की नाही?"

सायमनकाकांनी मनाला लावून घेतले नाही. त्यांनी आत जाऊन आणखी दोन खुर्च्या आणल्या, कारण दिवेकरांनी लगेच तिथेच सभा घ्यायचे ठरवले होते. सभेत बडोदे यहुदी प्रार्थनालय व धर्मविकास समिती स्थापन झाली. कुटुंबांपेक्षा पदे थोडी जास्त निघाल्याने कोणीही नाराज झाले नाही. दिवेकर अध्यक्ष झाले. सायमनकाकांना 'जागा उपलब्धता प्रमुख' करण्यात आले, म्हणजे हॉल त्यांचाच राहिला.

परदेशातल्या एका धर्मसंस्थेला पत्र गेले: आम्हाला रब्बी हवा. संस्थेचे उत्तर नम्र होते. रब्बी फक्त नोंदणीकृत प्रार्थनालयाला मिळतो, नोंदणी करून कळवावे.

तेव्हा दिवेकर आणि सायमनकाका संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"तमे पारसी ने?"

"ना. यहुदी."

"एटले ख्रिस्ती?"

"ना, ना. यहुदी. आता सरकारने आम्हाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे," दिवेकर मराठी, हिंदी आणि गुजराती एकत्र करून म्हणाले.

कारकून सावध झाला. "केटला छो?"

दिवेकरांनी आकडा सांगितला. कारकुनाने पेन खाली ठेवले. एवढे थोडे लोक अल्पसंख्याक कसे असू शकतात, हे त्याला पटेना. अल्पसंख्याक असायलाही काही एक संख्या पाहिजे, असे त्याने समजुतीच्या सुरात सांगितले. तरीही माणूस वाईट नव्हता. त्याने मार्ग दाखवला: "तमारा धर्मगुरूनो दाखलो लावो."

"धर्मगुरू मिळावा म्हणूनच तर नोंदणी करतोय!"

"तो पहेला धर्मगुरू लावो, पछी नोंदणी."

बाहेर आल्यावर सायमनकाका म्हणाले, "दिवेकरसाहेब, सोडून द्या ना. चाललंय ते बरं चाललंय."

"असंच म्हणत म्हणत आपण मागे राहिलो," दिवेकर म्हणाले, आणि संस्थेला दुसरे पत्र लिहायला घरी गेले.

या पत्राला आलेले उत्तर अधिक नम्र आणि अधिक घातक होते. विशेष बाब म्हणून एक रब्बी पाहणीसाठी पाठवता येईल. मात्र सध्या प्रार्थना कोण चालवते आणि त्याला कोणत्या रब्बीने प्रमाणित केले आहे, ते कळवावे.

समितीत पत्र वाचले गेले. सगळ्यांनी सायमनकाकांकडे पाहिले. जणू इतकी वर्षे ते विनापरवाना गाडी चालवत होते आणि आपण मागे बसलो होतो, हे सगळ्यांना एकदम कळले. खोटे लिहिणे धर्माविरुद्ध होते आणि खरे लिहिणे दौऱ्याविरुद्ध. शेवटी दिवेकरांनी मॅनेजरच्या बुद्धीने तोड काढली. प्रार्थनाच थांबवली, तर 'सध्या कोणीही चालवत नाही' हे उत्तर खरे ठरेल. ठराव झाला: रब्बी येईपर्यंत प्रार्थना स्थगित.

"सूचक कोण?" दिवेकरांनी विचारले. सगळे आपापल्या कपात पाहू लागले. मग सायमनकाकाच म्हणाले, "माझं नाव घाला. म्हणजे मी आडमुठेपणा केला असं व्हायला नको."

सेगुल्लाबाईंनी हे आतून ऐकले. सगळे गेल्यावर त्या हॉलमध्ये आल्या. "स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाचं नाव घ्यायला तुम्ही स्वतःवरच बंदी घातलीत? बाहेरच्यांनी घातली असती तर दोन हजार वर्षांची सवय आहे म्हटलं असतं."

"तात्पुरती आहे गं."

"तात्पुरत्या गोष्टीच टिकतात," असे म्हणून त्यांनी कप उचलले.

शनिवारची सकाळ रिकामी राहिली नाही. सगळ्यांना त्या वेळी निजामपुऱ्यात यायची सवय होतीच, म्हणून समितीची सभा शनिवारी सकाळी ठेवण्यात आली. शाब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी लिहू नये, काम करू नये. सभेत इतिवृत्त लिहिले जाई आणि काम काही होत नसे, त्यामुळे अर्धा नियम पाळला जाई. उपस्थिती मात्र अभूतपूर्व होती. प्रार्थनेला ज्यांना घरून उचलून आणावे लागे ते सभेला वेळेआधी येऊन पुढची खुर्ची धरीत. रब्बींच्या स्वागताला शहनाई असावी की नाही यावर तीन शनिवार गेले. सेव-उसळ कोणाकडची मागवायची यावर मतभेद झाले नाहीत. बडोद्यात काही गोष्टी निर्विवाद आहेत.

अशाच एका शनिवारी आपटेकर डभोईहून आले ते कोरे धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून. त्यांच्या पत्नीची वर्षी होती. मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, कद्दिश, एकट्याने म्हणता येत नाही. तिला 'आमेन' म्हणायला दहा माणसे लागतात. आपटेकरांनी खोलीत नजर फिरवली. दहांपेक्षा जास्तच माणसे होती. त्यांचा चेहरा उजळला.

"दिवेकरसाहेब, दोन मिनिटं लागतील. कद्दिश म्हणायचं होतं. हन्नाची वर्षी आहे."

दिवेकरांना खरोखर वाईट वाटले. "शालोमभाई, विषयपत्रिकेत नाहीये. आणि प्रार्थना स्थगित आहे, तुम्हाला माहीतच आहे. आज आपण म्हटली आणि तिकडे कळलं तर? असं करू, 'आयत्या वेळचे विषय' येऊ देत."

आपटेकर मागच्या खुर्चीवर बसले. शहनाईचा विषय पुन्हा निघाला. आयत्या वेळचे विषय येईपर्यंत कोणाचा गॅस यायचा होता, कोणाची नात क्लासहून आणायची होती; एकेक जण उठला. शेवटी विषय आला तेव्हा खोलीत अध्यक्ष, आपटेकर, सायमनकाका आणि उसळीच्या रिकाम्या वाट्या उरल्या होत्या.

"आता तर संख्याच नाही," दिवेकर हळहळून म्हणाले. त्यांनी त्यांच्या परीने सांत्वन केले आणि गेले.

सायमनकाका आपटेकरांना पोचवायला एसटी डेपोवर गेले. डभोईची बस लागली. आपटेकर पायरीवर थांबले आणि म्हणाले, "हन्ना मला नेहमी सांगायची, गावातच कर काय करायचं ते, बडोद्याला कशाला जातोस. मी म्हणायचो, तिथे आपली माणसं आहेत." एवढे म्हणून ते आत गेले. बस सुटली. सायमनकाका तिथेच उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला होता. एवढी शरम त्यांना एखादी गाडी रुळावरून घसरली असती तरी वाटली नसती.

यथावकाश रब्बी आले. ते तरुण होते, पोरसवदाच म्हणा, काळा कोट, लालसर दाढी आणि बडोद्याच्या उन्हाने लाल झालेले नाक. वागायला अतिशय सज्जन. शहनाई वाजली. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, बायकांना लांबूनच नमस्कार केला, सेगुल्लाबाईंनी केलेला मलिदा, म्हणजे पोहे, गूळ आणि खोबरे, कौतुकाने पाहिला आणि कोणत्या भांड्यात केला आहे असे विचारून, ते भांडे धर्माच्या नियमात बसेना म्हणून, तसाच ठेवला. मग त्यांनी सायमनकाकांना एक प्रार्थना म्हणायला सांगितली. सायमनकाकांनी म्हटली. कोकणातल्या त्या चालीला रब्बींनी मान डोलावली.

"फार सुंदर. तुम्हाला कोणत्या रब्बींनी शिकवली?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

"वडिलांनी."

"त्यांना?"

"त्यांच्या वडिलांनी."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या. असं मागे मागे जाऊन शेवटी नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलंय. त्यात आमचे पूर्वज वाचले, कागद भिजले असं म्हणतात," सायमनकाका म्हणाले.

रब्बी हसले आणि त्यांनी हे टिपून घेतले. त्यानंतर खरे काम सुरू झाले. प्रार्थनेला दहा यहुदी लागतात. पण ते यहुदी आहेत कशावरून? यहुदीपण आईकडून येते. म्हणून प्रत्येकाने आईच्या लग्नाचा धार्मिक करारनामा दाखवावा, आणि तो खरा असल्याचे ठरवायला आजीचाही. समितीने अल्बम आणले, रेशनकार्डे आणली, एकाने आजीची नऊवारी आणली. करारनामा कोणाकडेच नव्हता. ज्यांच्या आज्यांची लग्ने पेणला आणि रोह्याला पोह्याच्या पोत्यांवर बसून लागली, त्यांनी कागद कुठे सांभाळायचे? रब्बींनी कोणालाही नाही म्हटले नाही. त्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे 'चौकशी प्रलंबित' असे लिहिले. दिवेकरांच्या नावापुढेही.

"माझ्याही?" दिवेकर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "अहो, मीच तर तुम्हाला बोलावलं."

"ते मी अहवालात आवर्जून नमूद करीन," रब्बी म्हणाले.

अशा रीतीने त्या दिवशी बडोद्यात अधिकृत यहुदी एकच होता, आणि त्याला शाब्बाथच्या आत मुंबई गाठायची होती, कारण शाब्बाथला दहा यहुदी लागतात आणि ते बडोद्यात नाहीत, हे नुकतेच त्याच्याच हातून सिद्ध झाले होते. शुक्रवारी सकाळच्या गाडीने तो गेला. जाताना सायमनकाकांचा हात धरून म्हणाला, "आवाज सांभाळा." ते बहुधा मनापासून होते.

रब्बींना स्टेशनवर सोडून सायमनकाका घरी आले नाहीत. त्यांनी स्कूटर तशीच मांजलपूरला घातली. "उद्या ये रे बाबा. आपटेकरांचं कद्दिश राहिलंय." पण या वेळी दारे अर्धीच उघडली. चौकशी प्रलंबित असताना अनधिकृत प्रार्थनेत सापडलो तर? एकाने तब्येतीचे कारण सांगितले. दुसऱ्याने खरे कारण सांगितले, ते जास्त वाईट होते.

तरी शनिवारी सकाळी नऊ जमले. आपटेकर डभोईहून आले होते. शेजारचे जयवंतरावही आले. त्यांचे आजोबा सरकारी फौजेत होते, म्हणजे गायकवाडांच्या, आणि जयवंतरावांना आजही कुठेही माणूस कमी पडतो आहे असे कळले की उभे राहिल्याशिवाय राहवत नसे.

"मी चालेन का मोजायला?" त्यांनी विचारले.

"मोजायला नाही चालणार जयवंतराव. पण बसा."

"बसतो. टोपी द्या."

वाट पाहण्यात बराच वेळ गेला. सेगुल्लाबाई दारात उभ्या होत्या. तेवढ्यात फाटक वाजले आणि दिवेकर आले. हातात लिफाफा होता. स्थगिती असताना प्रार्थना आयोजित केल्याबद्दल सायमनकाकांना कारणे दाखवा नोटीस द्यायला ते स्वतः आले होते, कारण कुरियर शनिवारी लवकर येत नाही. ते उंबऱ्याच्या आत आले मात्र, सेगुल्लाबाईंनी मागून दार लावून घेतले.

"दहा," त्या म्हणाल्या.

"मी प्रार्थनेला आलेलो नाही," दिवेकर म्हणाले. "मी नोटीस..."

पण आपटेकर उभे राहिले होते. त्यांनी डोळे मिटले आणि कापऱ्या आवाजात सुरुवात केली. पहिली ओळ संपली. 'आमेन' म्हणायची जागा आली. ती जागा आली की काय करायचे, हे एलिस दिवेकरांना वयाच्या चौथ्या वर्षी त्यांच्या त्याच आजीने मांडीवर बसवून शिकवले होते, जिचा कागद सापडला नव्हता. लिफाफा हातात तसाच धरून ते सर्वांत मोठ्याने 'आमेन' म्हणाले. जयवंतरावांना शब्द कळत नव्हते, पण ते रडत होते. आपटेकरांनी शेवटपर्यंत म्हटले, टोपी सारखी केली आणि एकेकाचे हात हातात घेतले.

इथे गोष्ट संपली असती तर सगळ्यांचीच शोभा राहिली असती.

पण दिवेकर भल्या मनाचे गृहस्थ होते आणि त्यांना पश्चात्ताप झाला. पुढच्या सभेत त्यांनी राजीनामा दिला आणि सायमनकाकांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचवले. "खरा धर्मगुरू आपल्यातच होता," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. सायमनकाका नको नको म्हणाले. सेगुल्लाबाईही आतून नको म्हणाल्या, पण त्या दहात नव्हत्या. नव्या अध्यक्षांनी एक शिक्का करून घेतला आणि संबंधित कार्यालयात जाऊन स्वतःच्याच सहीचा धर्मगुरूचा दाखला दिला. "शिक्को छे ने? चालशे," कारकून म्हणाला, आणि नोंदणी झाली. घराबाहेर पितळी पाटी लागली. अहमदाबादहून लोक यहुदी असल्याची पत्रे मागायला येऊ लागले. सायमनकाका आता शुक्रवारी मांजलपूरला जात नसत. सचिव फोन करीत. माणूस तोच होता, आवाजही तोच. फक्त आता काही चुकले तर जबाबदार कोण, हे पाटीवर लिहिलेले होते, आणि ते रोज येता-जाता त्यांच्या वाचनात येई.

एका शनिवारी पुन्हा नऊच जमले. फोनवर दहावा मिळेना. दिवेकर घड्याळ पाहत होते, आपटेकर मागच्या खुर्चीवर होते. तेवढ्यात बेल वाजली. सायमनकाकांनी स्वतः दार उघडले.

दारात पंचविशी-तिशीचा एक माणूस होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला विणलेली टोपी, बारीक डोळे, बसके नाक. "शाब्बाथ शालोम," तो म्हणाला, आणि मग हिंदीत, "मी एफ्राइम लालरिनसांगा. मिझोरमचा. इथे हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. आमच्या गावी आम्ही हीच प्रार्थना म्हणतो. तुमच्याकडे होते असं कळलं. मी आत येऊ?"

आत खुर्च्या सरकल्या. कोणीतरी हळूच "नेपाळी आहे का?" असे विचारले. सायमनकाकांनी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले, टोपीकडे पाहिले, आणि पुन्हा चेहऱ्याकडे पाहिले.

"या ना, जरूर या," ते मवाळपणे म्हणाले. "फक्त... आईचे काही कागद वगैरे आणलेत का?"

एफ्राइमला राग आल्यासारखे दिसले नाही. सवय असलेला माणूस दिसतो तसा तो दिसला. "नाही आणले," तो म्हणाला. त्याने शर्टाची घडी नीट केली, पुन्हा 'शाब्बाथ शालोम' म्हटले आणि फाटक आवाज न करता लावून तो गेला. आतले नऊ जण आणखी बराच वेळ दहाव्याची वाट पाहत बसले.

या गृहस्थांवर तुम्ही हसला असाल तर त्यात गैर काही नाही. ते आहेतच तसे. फक्त एवढेच, की तो एफ्राइम त्याच्या आदल्याच आठवड्यात रिकामा फ्लॅट बघायला तुमच्या सोसायटीत आला होता. दार तुम्हीच उघडले होते.